नऊ लक्षणं आणि पंधरा दिवसांची वही

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना, नाती आणि स्वतःची ओळख सतत डळमळत राहणारा व्यक्तिमत्त्वाचा विकार. त्याची ऑनलाइन चाचणी भांडण झालेल्या रात्री भरू नका. चाचणी विचारते वर्षानुवर्षांची ठेवण, आपण सांगतो आजची संध्याकाळ. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग भरा.

यासाठीच्या मॅक्लीन नावाच्या चाचणीत हो-नाहीचे 10 प्रश्न असतात. 7 किंवा त्याहून जास्त 'हो' आले, तर तज्ज्ञाकडून तपासून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. निदानासाठी डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेतल्या 9 लक्षणांपैकी किमान 5 लागतात, आणि तीही ऐन तारुण्यापासूनची, घर, ऑफिस, मैत्री अशी सगळीकडे दिसणारी.

प्रश्नांची मराठी भाषांतरं घात करतात. 'सतत रिकामं वाटतं का?' याला सुट्टीतला कंटाळाही 'हो' म्हणून जातो. इथे विचारलंय ते भरल्या घरातही पोकळ वाटण्याबद्दल. बेदरकारपणाचंही तसंच. सिंहगड रोडला उलट्या बाजूने गाडी घालणं यात धरू नका, नाहीतर अर्धं पुणं पास होईल. उधळपट्टी, नशा, भकाभका खाणं, रागाच्या भरात सुसाट गाडी हाणणं, यांतल्या किमान दोन गोष्टी वारंवार आणि स्वतःचं नुकसान होईल इतक्या घडायला हव्यात. स्वतःला इजा करणं हे वेगळं लक्षण आहे, ते यात मोजत नाहीत.

सगळ्यात मोठा गोंधळ बायपोलरशी, म्हणजे तेजी आणि उदासीच्या लाटा येणाऱ्या आजाराशी होतो. बॉर्डरलाइनमध्ये मनःस्थिती सहसा काही तासांत पालटते आणि बहुतेकदा त्यामागे कुणाचं तरी वागणं असतं. बायपोलरमधली तेजी किंवा उदासी सलग कित्येक दिवस, आठवडे चालते.

म्हणून गुणांपेक्षा वही कामाची. पंधरा दिवस रोज पाच गोष्टी लिहा: काय झालं, मनात काय आलं, तीव्रता दहापैकी किती, आपण काय केलं, किती वेळात ओसरलं. उदाहरणार्थ:

'संध्या. 7:10, नळस्टॉप. तिने मेसेज वाचला, उत्तर नाही. "ती मला सोडणार." राग 9. 7:40 ला ब्लॉक केलं. 9:30 ला रडू, 10 वाजता अनब्लॉक करून बारा मेसेज. 11 ला राग 3.'

यात सोडून जाण्याची भीती दिसते, तोल जातो तेही दिसतं, आणि मुख्य म्हणजे चार तासांचा हिशेब मिळतो. बरे दिवसही लिहा. नुसते वाईटच टिपले तर चित्र वाकडं येतं. पाळीच्या तारखा, झोपेचे तास आणि दारू यांची नोंद हवीच. त्रास दर महिन्याला पाळीच्या आधीच्या आठवड्यातच होत असेल, तर तपासाची दिशा बदलते. थायरॉइडची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील, तीही करा.

वही घेऊन पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाता येतं. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की घरचे दचकतात, पण तिथेही ओपीडी आहे. दाखवून माणूस घरी येतो. डॉक्टरांना 'मला बॉर्डरलाइन आहे' असं सांगण्यापेक्षा वहीतली दोन पानं वाचून दाखवा. निदान त्यांना करू द्या. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) येणारं कुणी आहे का, हेही तिथेच विचारा, कारण या आजारात मुख्य भिस्त थेरपीवर असते, गोळ्या जोडीला.

मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर पंधरा दिवस थांबायचं नाही. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी, 14416, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.