शॉवर अपडेट ५: निपल निघाला, भिंत वाचली, बेत बदलला

मंडळी, निपल (मिक्सर आणि भिंतीतला पाईप जोडणारा आट्यांचा छोटा लोखंडी तुकडा) निघाला! तीन आठवडे गप्प होते, कारण जे घडत होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं: बाथरूम फोडायचं नाही, फक्त गरम-थंड पाणी मिसळणारा जुना वॉल मिक्सर काढून नवा लावायचा, वर आठ इंची रेन शॉवर, रविवारी जेवणाआधी काम संपेल. त्या रविवारी आम्ही जेवलो चार वाजता. बाथरूमचा कॉक बंद ठेवावा लागला, त्यामुळे पुढचे दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी स्वयंपाकघरातून बादल्या वाहिल्या.

झालं असं, की मिक्सरचा उजवीकडचा थंड पाण्याचा पाय मुकाट सुटला. डावीकडच्या गरमच्या पायाला पाईप पान्हा लावून जरा जोर दिला तर 'कट्' असा आवाज आला आणि मिक्सर हातात. निपल टाइलच्या पातळीत तुटला होता. आटे असलेला तुकडा आत एल्बोत (काटकोनी जोडात), आणि एल्बो भिंतीत. नेरूळची आमची सिडकोची बिल्डिंग, सगळी लाईन मूळची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, कुणी कधी हात लावलेला नाही.

ठेकेदाराला फोटो पाठवला. "ताई, आता सगळं फोडूनच टाका," दहा मिनिटांत उत्तर, सोबत पावणेदोन लाखांचा आकडा. पाच बाय सातच्या बाथरूमला! ताबडतोब फोन बाजूला ठेवला. एका निपलसाठी फरशीखालचा कोबा हादरवायचा, मग नव्याने वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून टेस्ट, मग टाइल. शिवाय आमच्या जुन्या पांढऱ्या आठ बाय बाराच्या टाइलची जोड आता कुठल्याच दुकानात मिळत नाही, त्यामुळे 'तेवढाच एक तुकडा फोडू' हा पर्यायही नव्हता.

पहिला उपाय ईझी-आउट. नागदेवी स्ट्रीटवरून आणला होता, वस्तू चांगली, दोष तिचा नाही. ईझी-आउट आत शिरून उलटा फिरतो आणि तुटलेला तुकडा आतून पकडतो. पण गंजलेला निपल इतका पातळ झाला होता की पकडण्याऐवजी तो फुगला आणि एल्बोत आणखी घट्ट बसला. ही चूक तुम्ही करू नका. धातूत दम असेल तरच ईझी-आउट.

मग रात्रभर गंज सोडवणारं तेल. सकाळी आटे जिथल्या तिथे, टाइलवर फक्त एक तपकिरी ओघळ.

शेवटी कामी आलं ते हॅक्सॉचं नुसतं पातं. एका टोकाला कापडी टेप गुंडाळून मूठ केली आणि निपलच्या पोकळीतून भिंतीच्या दिशेने लांबीभर चीर पाडायला घेतली. अर्ध्या इंची जीआयची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास, आट्यांच्या खाचेत त्याहून कमी. म्हणजे कापायचं थोडंसंच, पण एल्बोच्या आट्याला पातं लागलं की थांबायचं. ते कळतं कसं? आवाजावरून. गंजलेला निपल 'खर्र खर्र' करतो, आणि एल्बोला टेकलं की आवाज एकदम बारीक, स्वच्छ होतो. घड्याळाच्या तीनवर एक चीर, चारवर दुसरी. सोसायटीत दुपारी १ ते ४ ठोकाठोक बंद, ऑफिस सुटल्यावर मिळणार दीड तास, म्हणून दोन संध्याकाळी गेल्या. मग दोन चिरांमधल्या फाळीखाली बारीक छिन्नी सरकवून ती आत वाकवली, नोज प्लायरने धरली आणि... निघाली! नखाएवढी फाळी. ती निघताच उरलेलं कडं ढिलं पडलं आणि बोटांनी फिरवून बाहेर आलं. मी बाथरूममध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

एल्बोचे आटे साफ करायला टॅप (आटे पाडायचं हत्यार, नळ नव्हे) विकत घ्यायची गरज नाही. नव्या जीआय निपलच्या आट्यांवर कानशीने लांबीच्या दिशेने दोन खाचा पाडा आणि तेल लावून तोच हाताने आत-बाहेर फिरवा. खाचांत गंजाचा भुगा अडकून येतो.

आता त्या निपलच्या आत काय दिसलं ते सांगते. आतून गंजाचे फोड येऊन भोक उरलं होतं जेमतेम पेन्सिल जाईल एवढं. सोळाच्या जागी सात मिलिमीटर धरा, म्हणजे पाणी जायला मूळच्या पाचवा हिस्सा जागा.

इथे दुसऱ्या भागातला, शॉवरला पाणी कमी का येतं याचा बादलीचा हिशोब परत काढते, कारण तो तेव्हा अर्धाच सुटला होता. १० लिटर भरायला शॉवरला २०० सेकंद, शॉवरचं तोंड काढून नुसत्या आर्मला (भिंतीतून येणाऱ्या पाईपला) १५०, खालच्या नळाला ७०. आम्ही चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. गच्चीतल्या टाकीचं पाणी आर्मपासून सरासरी २ मीटर उंच, म्हणजे ०.२ बार दाब. खालच्या नळाला साडेतीन मीटर. प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, तेव्हा नळाला शॉवर आर्मच्या सव्वा ते दीडपट पाणी यायला हवं होतं. येत होतं दुपटीहून जास्त. वरचा फरक गंजाने खाल्ला होता. तेव्हा क्षारावर उगाच आळ घेतला मी; आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, शॉवरच्या भोकांवर पांढरा थर कधी धरलाच नाही.

आता खरी डोकेदुखी. नवा मिक्सर चढवण्याआधी लाईन टेस्ट करावी म्हणून ओळखीच्या प्लंबरदादांकडून लाईनमध्ये प्रेशर भरायचा हातपंप आणला. भिंतीतल्या दोन्ही तोंडांना बूच मारलं, प्रेशर ५ किलोवर (साधारण ५ बार) नेलं, चहा ठेवायला गेले. येऊन बघते तर काटा ३ वर. पोटात गोळाच आला. भिंतीत लाईन फुटलेली असेल तर ठेकेदार खरा ठरतो. तशात खालच्या मजल्यावरच्या काकू गेलं वर्षभर सांगतायत की त्यांच्या बाथरूमबाहेरच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. मी इतके दिवस 'गच्चीचं असेल, डक्टचं असेल' म्हणत टाळत होते. पण ती ओल मे महिन्यातही होती. मे महिन्यात गच्चीवर कुठला पाऊस? आणि आपल्या बाथरूमची गळती असेल तर खर्च आपलाच, उपविधी त्याबाबत स्वच्छ आहेत.

रात्री झोप नाही. साडेबाराला उठून वहीत लाईनचं चित्र काढलं आणि लक्षात आलं, की मी प्रेशर अडवलं होतं ते जुन्या चाकाच्या गेट व्हॉल्व्हवर! पंचवीस-तीस वर्षं जुना गेट व्हॉल्व्ह कधी पूर्ण बंद होतो का? प्रेशर भिंतीत नव्हे, व्हॉल्व्हमधून मागे जात होतं. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हच्या पुढे लाईन सोडवून तिथे बूच मारलं, गीझरकडचं तोंडही बंद केलं आणि दोन्ही लाईन वेगवेगळ्या तपासल्या. थंड: अर्धा तास, काटा ५ वर ठाम. गरम: अर्ध्या तासात ४.२.

म्हणजे गळते ती एकटी गरम लाईन. गीझरपासून मिक्सरपर्यंत भिंतीतली दोनेक मीटर.

तरी फरशीवर संशय होताच. नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाला) बूच मारून दोन इंच पाणी भरलं, त्यात खाण्याचा लाल रंग टाकला आणि ४८ तास ठेवलं. काकूंच्या छताला लाल काय, गुलाबी ठिपकाही नाही. ट्रॅप उघडून तेच पाणी सोडलं, तरी काही नाही. (आमच्या फरशीच्या सांध्यांना मात्र कायमची गुलाबी झाक आली आहे. रंग वापरलात तर अगदी चिमूटभर वापरा.)

नुसत्या 'नाही'वर विसंबू नये म्हणून काकूंनीच एक युक्ती काढली. भिंतीवरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. मी त्याच दिवसापासून गरम लाईन पूर्ण कोरडी ठेवली. बाराव्या दिवशी ओल रेघेपासून चार बोटं आत सरकली होती. त्या चार बोटांवर माझे पावणेदोन लाख वाचले. काकूंनी खाली घरी बोलावून चकल्या दिल्या, हा बोनस.

तर आता निर्णय. फक्त मिक्सर बदलणं बाद, कारण गरम लाईन गळतीच राहील. सगळं फोडणंही बाद, कारण फरशी धड आहे. भिंतीतल्या दोन्ही लाईन बूच मारून कायमच्या सोडून द्यायच्या आणि टाइलवरून उघडी सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाईप) न्यायची. पाऊण इंची, अर्धा इंची नव्हे. तेवढ्याच पाण्याला पाऊण इंचीत घर्षणाचा तोटा अर्ध्या इंचीच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो, आणि ०.२ बारवाल्यांनी प्रत्येक इंच मोजायचा असतो. दिसायला बरं नाही, मान्य. पण जिथे गळेल तिथे दिसेल.

सीपीव्हीसीवाल्यांनी एक लक्षात ठेवा: गरम पाण्याने पाईप लांब होतो. माझ्या दोन मीटरला, ४० अंशांच्या फरकाला, साधारण ५ मिलिमीटर. क्लॅम्प आवळून टाकले तर एल्बोवर ताण येतो. पाईप क्लॅम्पमध्ये सरकायला हवा. गीझरच्या तोंडाला थेट सीपीव्हीसी लावू नका, मध्ये धातूच्या जाळीचा होज घ्या.

प्रेशर वाढवणारा पंप लावायचा का, असं तिघांनी विचारलं होतं. आधी लाईन मोकळी होऊ दे. गंजलेल्या, गळक्या लाईनला पंप लावणं म्हणजे काकूंच्या भिंतीला पंप लावणं.

इतका बेत ठरला होता आणि हे लिहिताना मध्येच उठून पुन्हा टेप घेऊन बाथरूममध्ये गेले. कारण वरचा उंचीचा हिशोब लिहिताना डोक्यात आलं, की शॉवर २.१ मीटरवर हवाच कशाला? बाबा, म्हणजे माझे सासरे, ७८ वर्षांचे, स्टुलावर बसूनच आंघोळ करतात. हँड शॉवर १.१ मीटरवर धरला तर डोक्यावर पाण्याची उंची २ ऐवजी ३ मीटर मिळते. फुकटात, पंप न लावता. आम्हाला उभ्याने हवा असेल तर सरकत्या दांड्यावर वर न्यायचा, एवढंच.

मग लगेच जुगाड करून पाहिला. खालच्या नळाला वॉशिंग मशीनचा होज, त्याला जुना हँड शॉवर, स्टुलावरच्या डोक्याच्या उंचीला धरला आणि बादली लावली. १० लिटर, १०५ सेकंद. जुन्या शॉवरच्या जवळपास दुप्पट, आणि अजून लाईन तीच गंजकी!

तेव्हा रेन शॉवर रद्द. खोक्यावर 'किमान ०.५ बार' बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, ते मी घेताना वाचलं नव्हतं. दुकानदार पैसे परत देणार नाही, बदल्यात दुसरी वस्तू घ्या म्हणतो. शिवाय 'हेवी पितळ' म्हणून विकलेला हा शॉवर हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका, नखाने टिचकी मारली की प्लास्टिकचा बद्द आवाज. त्याच्याकडून आता फक्त अँगल कॉक घेईन, तेही तराजूवर ठेवून.

शनिवारी सॉल्व्हेंटने पाईपचे सांधे चिकटवायचे, मग २४ तास पाणी बंद, सोमवारी पुन्हा ५ किलोवर टेस्ट. गौरी-गणपतीला पाहुणे आहेत, त्याआधी सरकता दांडा बसायला हवा. टाइलला भोक पाडायचं डायमंड बिट कुणाकडे जादा असेल तर कळवा, माझं कालच एका कडक टाइलवर जळलं.

जुगाडाचा होज मी अजून काढलेला नाही. बाबा आज सकाळी स्टुलासकट आत गेले ते पाऊण तास बाहेरच आले नाहीत. आतून ओरडून विचारत होते, "अगं, टाकी संपेल का?"