रुणिच्याची पायवाट

जोधपूरला मसुरियाच्या टेकडीवर बालिनाथांच्या समाधीला डोकं टेकवलं आणि संघ त्यांच्या शिष्याच्या, राजस्थानचे लोकदेव रामदेवबाबांच्या रुणिच्याकडे, म्हणजे रामदेवऱ्याकडे, पायी निघाला. भादव्याचा शुक्लपक्ष. पाऊस होऊन गेलेला, म्हणून थरचं वाळवंट हिरवंगार: बाजरी, मटकी, गवार आणि शेताशेतांत एकेकटी उभी खेजडी. आपली शमीच ती.

कितव्या दिवशीची दुपार ते आता आठवत नाही. आगोलाई मागे पडलं होतं, बालेसर यायचं होतं. टाचेचा फोड टपोरा झाला होता. शेजारून डीजे लावलेल्या गाड्या जात होत्या. आवाज इतका कर्कश, की बाबांचं नावसुद्धा कानाला नकोसं झालं. संघाला पुढे व्हायला सांगितलं आणि सडक सोडून एका खेजडीखाली बसले. खूप रडू आलं.

समोरच्या ढाणीतून, शेतातल्या वस्तीतून, एक म्हातारी येताना दिसली. माणूस वाटेला लागला की इथे कोसभरावरून कळतं, आणि कळलं की कुणीतरी उठतंच. मला वाळवंटाची ओढ लागली ती यासाठी. लोक एकांतासाठी जातात म्हणे. मला तर इतकं कुणी कधी निरखलं नव्हतं.

"पाणी पीवो, बाईसा."

टाकं अंगणातच होतं. भोवती मुरूम चोपून केलेला उतरता आगोर; त्यावर पडलेला थेंब न् थेंब टाक्यात जातो. आगोरावर चप्पल चालत नाही. मी ती काढली, लंगडत गेले. म्हातारीनं, माजीसांनी, पत्र्याचं झाकण सरकवलं, दोरीनं बादली सोडली, ओढणीच्या पदरातून पाणी गाळलं आणि लोटा आधी माझ्या हातात दिला. पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवायचं पाणी ते! मी अर्ध्यावर थांबले तर रागावल्या.

मग सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला, टोकं तशीच ठेवली. वारीत आम्हीही हेच करतो. वर हळद-तेल. आणि उठता उठता माझ्या पायांना हात लावून तो कपाळी नेला. वाखरीला असंच एकानं वाकून नमस्कार केला होता, तेव्हा मी अवघडले होते. इथे अवघडले नाही. वाकून माजीसांच्या पाया पडले.

निघताना त्यांनी कापडाचा छोटा घोडा दिला. गुडघे गेलेत, आता चालवत नाही, बाबांना वाहा म्हणाल्या.

पुढचे दिवस एकात एक मिसळलेत. रामरसोड्यांतली, म्हणजे वाटेवरच्या अन्नछत्रांतली कढी, सोगरा म्हणजे बाजरीची भाकरी, रात्रीची भजनं, उशाशी घोरणारे लोक. पोखरण एका चहात संपलं.

रामदेवऱ्याच्या रांगेत जीव मेटाकुटीला आला. मागचा माणूस सारखा कोपर मारत होता, मीही त्याला खूप बोलले. तशी धुसफुसतच आत शिरले. बाबांची समाधी आणि त्याच आवारात त्यांच्या भक्त डालीबाईंची, मेघवाल या दलित समाजातल्या. आपल्या चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. हे आधी वाचलेलं होतं, तरी पाय तिथून निघेनात. मागून लोक ओरडायला लागले.

घोडा वाहिला. माजीसांसाठी प्रसाद बांधून घेतला. बाहेर आल्यावर परतीच्या बसवरून संघात भांडण झालं. सगळ्यांना रात्रीचीच गाडी हवी होती. मला बालेसर आणि आगोलाईच्या मधे, माजीसांच्या ढाणीपाशी उतरायचं होतं, तेही उजेडी.