आप्पा, मी डॉक्टर नाही

"तठे डाक्टर नही शे, नर्स शे. तिले काय समजस?"

हे आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं वाक्य. दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास आशाताई आमच्या घरी फॉर्म भरायला आल्या होत्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा भरतात तो. तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर आहे का, कमरेचं माप किती. आप्पा तेव्हा ७१ वर्षांचे, पन्नास वर्षांची तंबाखू. आशाताई म्हणाल्या, उपकेंद्रात येऊन एकदा बीपी तपासून जा. त्यावर हे उत्तर आलं आणि आप्पा खाटेवर कूस बदलून झोपले. मी तिथंच उभा होतो. काही बोललो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात माझं मेडिकल आहे. डी. फार्म. करून २००३ साली दुकान टाकलं. तेव्हापासून गावाच्या आजारपणाबद्दलची मतं मी काउंटरच्या आतून ऐकतो. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यापेक्षा "भाऊ, अंग दुखतंय, काहीतरी दे" म्हणणारे जास्त. म्हणजे या गावात नर्सने तपासावं की डॉक्टरने, हा प्रश्न निघायच्या कितीतरी आधीपासून लोक दोघांनाही वगळून माझ्याकडेच येत होते. ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पण ती खरी आहे म्हणून आधीच सांगून टाकतो.

उपकेंद्र आमच्याकडे जुनं आहे. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक, तिकडे सातपुड्यात आदिवासी पाड्यांसाठी तीन हजारांमागे एक, असा सरकारी हिशेब. पूर्वी तिथं सिस्टर असायची आणि तिचं काम म्हणजे गरोदर बायका, लसीकरण, कुटुंबनियोजन. २०१८ साली आयुष्मान भारत आलं, देशभरातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं बदलायची ठरली. भिंतीला पिवळा रंग लागला आणि पुढे पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव आलं. खरा बदल मात्र खुर्चीतला. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसायला लागल्या, ज्यांना सगळे सीएचओ म्हणतात. राज्यात काही ठिकाणी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी झालेले या पदावर आहेत. आमच्या वाट्याला आली ती शहाद्याकडची एक मुलगी. चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण. वय असेल सव्वीस-सत्तावीस.

पहिल्या वर्षभरात माझ्या काउंटरवर तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते अजून कानात आहे. "सुई नही, सलाईन नही, नुसती गोळी दिन्ही." हे सगळ्यात जास्त. आमच्याकडे डॉक्टर मोजला जातो तो सुईवर. टोचलं नाही तर तपासलंच नाही. दुसरं मत, "फुकटनं औसद लागू व्हत नही." एकदा एक जण उपकेंद्रातून मिळालेली पॅरासिटामॉल खिशात ठेवून माझ्याकडे आला आणि तीच गोळी विकत घेऊन गेला. मी त्याला दोन्ही पाकिटांवरचं नाव वाचून दाखवलं. तरी म्हणाला, तुझी दे.

तिसरं मत फक्त बायकांचं होतं आणि ते हळू आवाजात यायचं. कापूस वेचून संध्याकाळी परतताना दोघी-तिघी दुकानाशी थांबायच्या. एकीला अंगावरून पांढरं जायचं, कित्येक वर्षांपासून. दुसरीला अंग बाहेर येण्याचा त्रास, तिसऱ्या बाळंतपणापासून. तालुक्याच्या पुरुष डॉक्टरला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला तर सांगणंच शक्य नव्हतं. ते त्यांनी या मुलीला सांगितलं. "बाईले बाईच समजस," एवढंच त्या बोलल्या. बावीस वर्षांत मी त्या बायकांना कंबरदुखीच्या गोळ्या देत आलो होतो. दुखणं काय होतं ते मला तेव्हा कळलं.

आता ज्याच्याशी तिची तुलना व्हायची तो कोण, तेही सांगायला हवं. लोक म्हणायचे "नर्सपेक्षा डॉक्टर बरा," तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एमबीबीएस नसायचा. मोटरसायकलला बॅग अडकवून आठवड्यातून तीनदा येणारा एक माणूस असायचा. त्याची पदवी कुणी पाहिलेली नाही. गुडघा दुखो की ताप येवो, दोन सुया ठरलेल्या, एक डायक्लोफिनॅक, म्हणजे वेदनाशामक, आणि एक डेक्झामेथासोन. डेक्झामेथासोन म्हणजे स्टिरॉइड. दुसऱ्या दिवशी माणूस खडखडीत उठतो, आठवड्याने पुन्हा पडतो, आणि आधीच शुगर असेल तर ती भडकते. त्याला सगळे "डॉक्टरसाहेब" म्हणत. आणि साडेचार वर्षं शिकलेल्या मुलीला "तिले काय समजस?"

आप्पांना उपकेंद्रात नेलं ते शेवटी माझ्या आईने. ती त्यांच्या मागेच लागली. मी दुकान अर्धा तास बंद करून सोबत गेलो. आप्पा बसल्या बसल्या म्हणाले, "डाक्टरीन, लवकर कर, माले वावरमा जावानं शे." ती म्हणाली, "आप्पा, मी डॉक्टर नाही. मी सीएचओ आहे. आणि आधी पाच मिनिटं शांत बसायचं, लगेच पट्टा बांधला तर बीपी खोटं दिसतं." पाच मिनिटांनी एका हाताचं घेतलं, मग दुसऱ्या हाताचं, मग थोड्या वेळाने पुन्हा. १८६ वर १०८. रात्री लघवीला किती वेळा उठता, डोळ्यांसमोर अंधारी येते का, पायाला सूज येते का, असं विचारत गेली. तंबाखूमुळे तोंड उघडायला लावून टॉर्चने गालाच्या आतून पाहिलं. मग ई-संजीवनीवर, म्हणजे दूरवरच्या डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, डॉक्टरांना जोडून दिलं. डॉक्टरांनी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा म्हणून सांगितलं, तिथं एमओ साहेबांनी, म्हणजे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून बीपीची गोळी, अॅम्लोडिपिन ५, सुरू केली. दर महिन्याची गोळी मात्र उपकेंद्रातून मिळायला लागली.

ती गोळी माझ्याकडेही आहे. आणि हे स्पष्टच लिहितो, की बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळायला लागल्यापासून माझ्या दुकानाची ठरलेली गिऱ्हाइकं कमी झाली. तरीही हे लिहितोय, यावरून वाचणाऱ्याने काय ते समजावं.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. त्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, इथंही मुलाला ताप आला की बऱ्याचदा नर्स प्रॅक्टिशनरच तपासते, सुरुवातीला मला फसवल्यासारखं वाटलं होतं. मग मी त्याबद्दल वाचलं. ही पद्धत तिकडे १९६५ मध्ये कोलोराडोत सुरू झाली, लॉरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून. कारण आपल्यासारखंच, खेड्यापाड्यांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय तपासून औषध लिहून देऊ शकते. २००० साली न्यूयॉर्कमधल्या १३१६ रुग्णांचा अभ्यास छापून आला. कुणी डॉक्टरकडे जायचं आणि कुणी नर्स प्रॅक्टिशनरकडे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

पण हे वाचून मी लगेच उड्या मारल्या नाहीत. तिथली नर्स प्रॅक्टिशनर नर्सिंगच्या पदवीवर पदव्युत्तर शिक्षण घेऊन येते. आपल्याकडे सहा महिने. अमेरिकेचा निकाल उचलून आमच्या उपकेंद्रावर चिकटवणं बरोबर नाही. आणि आमची सीएचओ बीपी-शुगरसारख्या आजारांची औषधं स्वतः ठरवत नाही, डॉक्टरांनी ठरवलेली चालू ठेवते, तपासते, बिघडलं तर पुढे पाठवते. कामच वेगळं आहे.

सगळ्यात टोकदार मत मी ऐकलं ते पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्याच गल्लीतल्या एका पोराकडून. दिवाळीला आला होता. म्हणाला, "काका, शहरात माणसाला डॉक्टर आणि गावात नर्स, हे आपण मान्यच का करायचं? आपला जीव स्वस्त आहे का?" या प्रश्नापुढे मी गप्प झालो होतो, आणि आजही माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. हा वाद जुनाही आहे. इंग्रजांच्या काळात लायसेन्शिएट म्हणून कमी मुदतीचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असत आणि खेड्यांतून बरेचदा तेच भेटत. १९४६ च्या भोर समितीने एकाच दर्जाचा डॉक्टर हवा म्हणून सांगितलं, आणि ती वाट बंद होत गेली. विचार चांगलाच होता. पण एमबीबीएस झालेले गावात राहिले नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकात कलम ३२ आलं, त्यात मधल्या फळीतल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना द्यायची तरतूद होती, तेव्हा देशभरातले डॉक्टर ३१ जुलैला संपावर गेले. बोगस डॉक्टर तयार होतील ही त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. मोटरसायकलवाला मी रोज पाहिलाय. फक्त एक विचारावंसं वाटतं, संप करणाऱ्यांपैकी किती जण आमच्या गावात मुक्काम करायला तयार होते?

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसलो तो दिवस.

गेल्या श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, घरात बसली, सोमवारी विसर्जन झालं. घरात रोटाचं जेवण, पुरणाच्या पोळ्या, गंगाफळाची भाजी, खीर. मंगळवारी सकाळी आप्पा दुकानात आले आणि म्हणाले, छातीत जळजळतंय, जेवण जड झालं वाटतं. मला तेच पटलं. अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलची गोळी फोडून मी त्यांच्या हातावर ठेवली. माझ्या हाताने. पाणीही मीच दिलं. ते बाकावर बसले आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

तो मंगळवार त्यांच्या महिन्याच्या गोळ्या आणायचा होता. अर्ध्या तासाने ते चालत उपकेंद्रात गेले. तिथं काय झालं ते मला नंतर कळलं. त्यांनी तिलाही जळजळच सांगितली. तिने कपाळाला हात लावला, घाम गार होता. जबडा दुखतो का, डावा हात जड वाटतो का, विचारलं. हो म्हणाले. तिने कुठलीही अॅसिडिटीची गोळी दिली नाही. १०८ ला फोन केला, दुसऱ्या फोनवर एमओ साहेबांना सगळं सांगितलं, त्यांच्या सांगण्यावरून अॅस्पिरिन चावायला दिली आणि मला बोलावलं. मी पोहोचलो तेव्हा आप्पा म्हणत होते की घरी जातो, पडल्यावर बरं वाटेल. ती त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आप्पा, हे माझ्या हातातलं नाही. इथं माझ्याकडे ईसीजीसुद्धा नाही. तुम्ही एक मिनिटही इथं थांबायचं नाही."

चोपड्याला ईसीजी निघाला, हार्ट अटॅकच. तिथून जळगाव. एक स्टेंट पडला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, अॅस्पिरिन कुणी दिली, आणि "चांगलं केलं" एवढं म्हणून पुढे गेले.

त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. माझ्याकडे औषधाची पदवी नाही, पदविका आहे, आणि बावीस वर्षांचा अनुभव आहे. अनुभवाने मला सांगितलं, रोट जड झाले. तिच्या पाठीशी माझ्या निम्म्याही वर्षांचा अनुभव नव्हता. पण आपलं कुठं संपतं हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते म्हातारा रागावेल म्हणून तिने गिळलं नाही. मोटरसायकलवाला कधी म्हणाला नाही की हे माझ्या हातातलं नाही. मीही कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून छातीत जळजळ म्हणून कुणी आलं, की मी गोळीचा डबा उघडत नाही. आधी उपकेंद्राकडे बोट दाखवतो.

तिच्याबद्दल तक्रार नाही असंही नाही. तक्रार तिची नव्हे, तिला मिळणाऱ्या मालाची. यादीत उपकेंद्रासाठी शंभराहून जास्त औषधं आहेत. कपाटात प्रत्येक वेळी ती नसतात. गेल्या पावसाळ्यात शुगरची गोळी मेटफॉर्मिन संपली आणि शुगरची माणसं रिकाम्या हाताने परत गेली. त्यातली काही माझ्याकडे आली, काही आलीच नाहीत, आणि जी आली नाहीत त्यांची मला काळजी वाटते. तिची नोकरी कंत्राटी आहे. दरवर्षी करार वाढतो की नाही याची तिला धाकधूक. उद्या ती गेली तर अंगावरून जाण्याचं दुखणं बायका नव्या माणसाला सांगायला पुन्हा किती वर्षं घेतील?

आप्पा आता दर महिन्याला वेळेआधी जाऊन उपकेंद्राच्या ओट्यावर बसतात. तंबाखू सुटली नाही, कमी झाली आहे. तिला ते अजून डाक्टरीनच म्हणतात आणि ती दर वेळी तितक्याच शांतपणे सांगते, "आप्पा, मी डॉक्टर नाही." परवा त्यांना आणायला गेलो तर धनगरवाड्यातला एक जण घाईघाईने आला आणि थेट आत शिरायला लागला. आप्पांनी त्याचा हात धरून त्याला ओट्यावर बसवलं.

"आधी पाच मिनिटं बठ भाऊ. लगेच पट्टा बांधा ते बीपी खोटं दखास."