लाल बिन रिकामी

दुसरी पाळी सुटली. नापास पीस टाकायची लाल बिन आज रिकामी होती. कालच्या आरडाओरड्यानंतर एकही रिजेक्शन नाही, म्हणून सगळे खूश. मला मात्र जेवण गेलं नाही. रोज 4-5 पीस पडणाऱ्या लेथवर एका दिवसात शून्य होत नसतं. ते पीस कुठेतरी आहेत. चिप्सच्या, म्हणजे धातूच्या किसाच्या ट्रॉलीत, नाहीतर चांगल्या मालात.

काल साहेब लेथवरच्या ऑपरेटरला सगळ्यांदेखत म्हणाले, "डोळे आहेत की बटणं?" चूक खरीच होती, पण डोळ्यांची नव्हती. त्याने पीस गरमच मोजला. 50 मिमी व्यासाचं पोलाद 20 अंशांनी गरम असलं की सुमारे 0.012 मिमी जास्त भरतं, आणि इथे टॉलरन्सच, म्हणजे चालणारा फरकच, ±0.01 मिमी. त्याने ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, कमी केला, पीस थंड झाले, अंडरसाइज निघाले. कमी झालेला व्यास परत वाढत नाही. हे त्याला कुणी समजावलंच नाही. बटणांचं तेवढं अख्ख्या लाइनने ऐकलं.

अशी चूक सापडली की आधी मशीन थांबवायचं. चालू मशीनपाशी बोललं की आवाज चढतोच, आणि चढलेला आवाज रागाचाच वाटतो. शेवटच्या चांगल्या पीसनंतरचे सगळे वेगळे काढून टॅग लावायचा. मायक्रोमीटरचं शून्य तपासून थंड पीस दोघांनी मोजायचा, आकडा त्यालाच वाचू द्यायचा. मग बाजूला नेऊन विचारायचं, "काय काय केलंस, क्रमाने सांग." "का केलंस?" म्हटलं की माणूस सबबी शोधतो. क्रम सांगताना चूक कुठे शिरली ते त्याचं त्यालाच सापडतं. मागच्या महिन्यातला लेटमार्क त्यात ओढायचा नाही. पुढचे 5 पीस निघेपर्यंत शेजारी उभं राहायचं. सगळं मिळून 15 मिनिटं.

ती 15 मिनिटं आणायची कुठून? वरून डिस्पॅचचे फोन, खालून हे सगळं. माझ्यासारख्या मधल्या माणसाला कोण विचारतं, त्याची पाठ तर... असो. मधल्याचं काम हेच आहे.

पण ती बिन डोळ्यांपुढून हलत नाही. घाबरलेला माणूस चुका कमी करत नाही, त्या दाखवायचं थांबवतो.

उद्या माल सोडायच्या आधी आजचा सगळा लॉट पुन्हा मोजायचा, त्याला सोबत घेऊन. आणि साहेबांशी बोलायचं. लाइनवर नाही, त्यांच्या केबिनमध्ये, दार लावून.