स्कोपचा एक मिल खरंच एक मिल भरतो का? माझा तपासणीचा अनुभव

स्कोप म्हणजे रायफलवरची दुर्बीण, आणि मिल हे तिचा नेम सरकवण्याचं एकक. माझ्या रायफलच्या गोळ्या ३०० यार्डांवर मधोमध लागत होत्या. ६०० वर दीडेक इंच खाली, आणि १००० यार्डांवर जवळजवळ सहा इंच खाली. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी प्रकारात १००० यार्डांच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १० इंच असतो, म्हणजे मध्यापासून पाचच इंचांची मुभा. सहा इंच खाली गेलेली गोळी नऊमध्ये जाते. वारा गोळीला मुख्यतः आडवं ढकलतो. पुन्हा पुन्हा, शांत सकाळीही, तेवढीच खाली जाणारी गोळी वाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

रायफल ६.५ क्रीडमोर काडतुसाची, गोळी १४० ग्रेन वजनाची, झिरो (स्कोपमध्ये काहीही न बदलता गोळी नेमावर लागते ते अंतर) १०० यार्डांवर. मी ॲरिझोनात राहतो, सराव फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंजवर. ग्रीन कार्ड हाती आल्यावरच रायफल घेतली. एच-१बी व्हिसावर असताना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही, हे नव्याने आलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

रेंजवरच्या अनुभवी मंडळींचा सल्ला एकच होता: बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये (कोणत्या अंतरावर गोळी किती खाली पडेल ते सांगणाऱ्या ॲपमध्ये) गोळीचा वेग सेकंदाला वीसेक फुटांनी कमी कर, आकडे जुळतील. जुळलेही असते. पण माझा वेग डॉपलर रडारच्या क्रोनोग्राफवर मोजलेला होता. ही यंत्रं ०.१ टक्क्याच्या आसपास अचूकता सांगतात, म्हणजे सेकंदाला २७०० फुटांमागे जेमतेम तीन फूट. तिथे वीस फुटांची चूक मानायची कशाच्या आधारावर? भोसरीच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला असताना एक सवय लागली ती आजही सुटलेली नाही. जॉब मापात बसत नसेल तर ड्रॉइंगला हात लावायचा नाही, आधी गेज तपासायचं. इथे गेज म्हणजे स्कोप, आणि तो कोणी तपासलाच नव्हता.

मराठी वाचकांना रायफल म्हटलं की कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे आठवेल, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवणारा. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, साइट छिद्राची असते, आणि अंतर कायम ५० मीटर. लांब पल्ल्यात अंतर बदलत राहतं. जितकं दूर, तितकी गोळी खाली पडते आणि तितकी नळी वर उचलावी लागते. ते उचलणं स्कोपवरच्या टरेटने, म्हणजे फिरवायच्या नॉबने, होतं. माझा टरेट एका क्लिकला ०.१ मिल सरकतो. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग: १०० यार्डांवर ३.६ इंच, १००० वर ३६ इंच. माझ्या गोळीला १००० यार्डांसाठी कॅल्क्युलेटर ८.८ मिल सांगत होता, म्हणजे ८८ क्लिक. प्रत्येक क्लिक दोन टक्के कमी भरला तर शेवटी सहा इंचांच्या आसपासच तूट येते. ३०० यार्डांवर जेमतेम १.३ मिल लागतात. तिथे हीच तूट पाव इंचाची, ग्रुपमध्ये, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या पुंजक्यात, दिसणारसुद्धा नाही.

क्लिक कमी का भरावा? स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते, मागच्या टोकाला टेकवलेली आणि पुढे स्प्रिंगने दाबून धरलेली. टरेटचा स्क्रू तिला ढकलतो. स्क्रूचे आटे, टेकण्याची जागा, स्क्रू नळीला जिथे स्पर्श करतो ते ठिकाण, यांतला बारीकसा फरक थेट क्लिकच्या किमतीत उतरतो.

चाचणी तत्त्वाने अगदी सोपी. उंच कागद लावायचा, खाली एक ठिपका. टरेट शून्यावर ठेवून ठिपक्यावर नेम धरून ग्रुप मारायचा. मग १० मिल वर फिरवून नेम त्याच ठिपक्यावर धरून दुसरा ग्रुप. दोन्ही ग्रुपच्या केंद्रांतलं अंतर मोजायचं. सोपेपणा इथेच संपतो. एक-दोन टक्क्यांची चूक शोधायची, तर आपल्या मोजण्यात अर्ध्या टक्क्याचीही चूक परवडत नाही.

पहिली अडचण अंतराची. हातातला लेझर रेंजफाइंडर बहुतेक वेळा एक यार्ड इकडेतिकडे दाखवतो, म्हणजे १०० यार्डांवर सरळ एक टक्का. रेंजवरची '१००' ची पाटी टार्गेट लावायला पुरेशी असते, मोजमापाला नाही. म्हणून स्कोप जिथे येतो तिथे मी आधीच बेंचवर खडूची खूण केली. सीझ फायर (गोळीबार थांबवण्याची सूचना) पुकारल्यावर रायफलला हात लावता येत नाही, बोल्ट उघडा आणि चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामा असल्याची खूण) घातलेला असतो. रेंज ऑफिसरची परवानगी घेऊन, सर्व्हेवाले वापरतात तसली लांब टेप टप्प्याटप्प्याने अंथरत त्या खुणेपासून कागदापर्यंत मोजत गेलो. अंतर भरलं २९८ फूट, म्हणजे १०० यार्डांना दोन फूट कमी. तिथे १० मिलची खरी किंमत ३६ नव्हे, ३५.७६ इंच. हा पाव इंच ज्याने मोजला नाही, त्याच्या निकालात सुमारे ०.७ टक्के चूक गोळी सुटण्याआधीच शिरलेली असते.

दुसरी गोष्ट ओळंब्याची. कागदावरची उभी रेघ मी ओळंबा सोडून आखली, आणि रेटिकलची, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या खुणांची, उभी रेघ तिच्याशी जुळवून रायफलवरची स्पिरिट लेव्हल पक्की केली. रेटिकल तीन अंशांनी कललं तर उंचीत फरक पडतो फक्त ०.१४ टक्के, पण १० मिल वर जाताना गोळी जवळजवळ १.९ इंच बाजूला सरकते. वरचा ग्रुप रेघेवरून ढळला, तर दोष क्लिकचा नसून कललेपणाचा असतो. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर वेगवेगळ्या वाचता येतात, हे या चाचणीतलं मला सर्वांत आवडलेलं.

तिसरी, ग्रुपचं केंद्र. ते डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक भोकाची उंची व्हर्नियरने मोजून सरासरी काढली. पाच गोळ्यांचा अर्ध्या-पाऊण इंचाचा ग्रुप असेल तर केंद्रात इंचाच्या दहाव्या भागाइतकी अनिश्चितता राहतेच. दोन्ही ग्रुप धरून ती ३६ इंचांवर पाव ते अर्ध्या टक्क्याच्या दरम्यान येते. म्हणून एका दिवसाच्या कागदावर विसंबलो नाही. फिनिक्सच्या उन्हाळ्यात ऊन चढलं की झळांमुळे ठिपकाच नाचतो, त्यामुळे सगळं सकाळी लवकर आटोपायचं.

पहिल्या कागदावर केंद्रांतलं अंतर आलं ३५.१ इंच. भागिले ३५.७६, म्हणजे ०.९८२. पुढच्या सकाळच्या कागदावर ०.९७९. वरचे ग्रुप उभ्या रेघेवरच होते. थोडक्यात, टरेट मी सांगितलेल्या शंभर भागांपैकी अठ्ठ्याण्णवच सरकत होता.

तरी गोळ्यांमधला विखुरलेपणा वजा करून खात्री हवी होती. स्कोप रायफलवरून काढला, जाड पोलादी ठोकळ्यावरच्या रेलवर बसवला आणि ठोकळा बेंचला व्हाइसने आवळला. त्याच अंतरावरच्या कागदावर दर मिलच्या जागी, म्हणजे ३.५७६ इंचांवर, रेघा मारल्या. पॅरॅलॅक्सचा नॉब नीट लावला, डोळा थोडा हलवूनही रेटिकल कागदावर हलत नाही असं पाहिलं, आणि एकेक मिल फिरवत गेलो. टरेट वर फिरवला की रेटिकल कागदावर खाली उतरतं. पाचव्या मिलला ते रेघेपासून साधारण ०.१ मिल अलीकडे थांबलं, दहाव्याला ०.२ मिल अलीकडे. तूट एकसारखी वाढत होती, मध्ये कुठे उडी नव्हती. परत फिरवल्यावर शून्य शून्यावरच आलं. आणि महत्त्वाचं म्हणजे रेटिकलवरच्या खुणा कागदाच्या रेघांशी तंतोतंत जुळत होत्या. रेटिकल खरं, टरेट तेवढा तोकडा.

वेग कमी करून आकडे जुळवण्याला माझा विरोध का, ते इथे उघड होतं. वीस फूट कमी केलेला वेग आणि दोन टक्के तोकडा टरेट, दोन्हींमुळे पडणारा फरक ६०० वर आणि १००० वर इतका सारखा असतो की कागदावर ते ओळखूच येत नाहीत. म्हणूनच तो सल्ला टिकून आहे. पण पीआरएससारख्या (प्रिसिजन रायफल सिरीज) सामन्यात वेळ अपुरा असतो, टरेट न फिरवता रेटिकलवरच्या खुणेने नेम धरावा लागतो. रेटिकल तर बरोबर आहे. तिथे खोट्या वेगाचे आकडे गोळी वर घालवतात, आणि नेमबाज बिचारा स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतो. वाऱ्याचा हिशेबही त्याच खोट्या वेगावर होतो. मोजलेला आकडा खरा असताना तो बदलणं मला पटत नाही. चूक जिथे आहे तिथेच दुरुस्त व्हावी.

बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये टरेटच्या दुरुस्तीचा गुणक घालायची सोय असते. तो ०.९८ घालायचा की १.०२, हे ॲपप्रमाणे बदलतं. ताळा सोपा आहे: तोकड्या टरेटसाठी फिरवायचा आकडा वाढला पाहिजे. माझा ८.८ चा ९.० झाला. वेग रडारने दिला तोच ठेवला. १००० यार्डांवर ग्रुप उंचीने मध्यावर आला, ६०० वरची तूटही गेली. तूट असमान असती किंवा शून्य परत आलं नसतं, तर गुणकाचा उपयोग नव्हता, स्कोप दुरुस्तीलाच पाठवावा लागला असता.

एमओएचा (मिनिट ऑफ अँगल, मिलसारखंच कोनाचं दुसरं एकक) स्कोप असणाऱ्यांनी एक जपावं. १०० यार्डांवर एक एमओए म्हणजे १.०४७ इंच, सरळ एक इंच नव्हे. ३० एमओए फिरवून कागदावर ३० इंच शोधाल तर उत्तम स्कोपही जवळजवळ पाच टक्के जास्त सरकतो असं वाटेल. खरी अपेक्षा ३१.४ इंचांची. काही टरेट मुद्दाम इंचांच्या हिशेबाने बनवलेले असतात, त्यामुळे आपल्या टरेटचं एकक कोणतं ते माहितीपत्रकात आधी पाहून घ्यावं.

वाऱ्याचा आडवा टरेट मी वेगळा तपासला, कागद आडवा लावून आणि रेघ स्पिरिट लेव्हलने आखून. स्क्रू वेगळा, म्हणून गुणकही वेगळा असू शकतो. माझा ०.९९५ भरला. लांब पल्ल्यात वाऱ्यासाठी एक-दोन मिलच लागतात आणि वाऱ्याचा अंदाजच त्याहून कितीतरी जास्त चुकतो, त्यामुळे तिथे दुरुस्ती घातली नाही. उभ्या टरेटचा ०.९८ मात्र रायफलच्या डेटा कार्डावर, गोळीच्या वेगाच्या खालच्याच ओळीत लिहिला आहे.