चादरीखालचा गुडघा

तीन आठवडे मी एकच चित्र काढत आणि खोडत होते. धाकट्या भावाला पांढरी चादर रोमन झग्यासारखी गुंडाळून उभं केलं होतं. चुण्या एकेक करून छान उतरल्या, पण आत माणूसच नव्हता. चादर खुंटीला टांगल्यासारखी दिसायची.

वाट सापडली ती झाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराच्या एका अपुऱ्या चित्रात. ‘टेनिस कोर्टवरची शपथ’ त्याने १७९१च्या सुमारास हाती घेतलं, पण फ्रेंच राज्यक्रांतीचं राजकारण पालटलं आणि काम तिथेच थांबलं. व्हर्सायच्या त्या कॅनव्हासवर काही चेहरे रंगवून झालेत आणि त्यांच्याखाली उघडी शरीरं, नुसत्या रेषांची. कपडे नंतर चढवायचे होते! त्या कॅनव्हासचं छायाचित्र मी कितीतरी वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी चादर बाजूला ठेवली. भाऊ हाफपँटवर उभा राहिला, भार उजव्या पायावर. गुळगुळीत कागद, टोक काढलेली टू-एच पेन्सिल आणि दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा. गळ्याच्या खळगीतून दोरा सोडला, तर तो थेट उजव्या घोट्यावर उतरला. माझ्या जुन्या चित्रात तो दोन्ही पावलांच्या मधे पडत होता. तीन आठवड्यांची चूक तिथे होती, चुण्यांत नव्हतीच. भार घेतलेल्या बाजूचं कंबरेचं हाड वर, त्याच बाजूचा खांदा खाली: एवढं जमेपर्यंत चार बैठका गेल्या. “ताई, पाय बधिर झाला,” हे दर दहा मिनिटांनी.

डावा हात मात्र कुठेच बसेना. अँग्र या फ्रेंच चित्रकाराच्या अभ्यासचित्रांत एकाच आकृतीला जास्तीचे हात दिसतात. एक जागा ठरेपर्यंत तो दुसरी खोडत नसे. मीही रबर ठेवून दिला आणि तीन हात काढले. मधला निवडला.

मग ते रेखाटन खिडकीच्या काचेवर धरून दुसऱ्या कागदावर उतरवलं आणि चादर पुन्हा आणली. आता कळलं, कापड खांद्यावर, कंबरेच्या हाडावर आणि वाकलेल्या गुडघ्यावर टेकतं. चुण्या तिथूनच निघतात. मी त्या आधी कुठूनही सुरू करत होते. मधल्या कितीतरी चुण्या गाळल्या, गुडघ्यावरचा ताण तेवढा ठेवला.

काल चित्र मोठं करून उतरवायला रेखाटनावर चौकोन पाडले, कॅनव्हासवर त्यांच्या दुप्पट मापाचे. पहिला उतरवला तो उजव्या घोट्याचा.