हुमणीचे पान

संपादकांची मागणी एका वाक्यात मावणारी होती: संकेतस्थळावर माणसे आली पाहिजेत. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाहून निघणारे त्यांचे शेतीविषयक मासिक आहे. जुने अंक त्यांनी हौसेने संकेतस्थळावर चढवून ठेवले होते, आणि तरीही दिवसाकाठी येणारे वाचक बोटांवर मोजावेत इतकेच होते. माझ्याआधी हे काम पाहणाऱ्या एका एजन्सीने ‘गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ या बोलीवर त्यांच्याकडून वर्षभर पैसे घेतले होते. त्या पैशांत झालेले काम म्हणजे प्रत्येक पानात दडवलेली मेटा कीवर्डची, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या, फक्त शोधयंत्रासाठी घातलेल्या शब्दांची, लांबलचक यादी आणि शेतीशी काडीचा संबंध नसलेल्या परदेशी संकेतस्थळांवरून विकत घेतलेल्या लिंका. क्रमवारी ठरवताना आपण मेटा कीवर्ड विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. तरी ही यादी आजही विकली जाते, कारण गिऱ्हाइकाला कळत नाही या एकाच भांडवलावर आमच्या धंद्यातल्या पुष्कळांचे भागते.

खरे दुखणे सापडायला फार वेळ लागला नाही. अंक पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये जुळवून त्यांच्या पीडीएफ केलेल्या होत्या. त्यांतली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा उमटला. जुळणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी, सगळ्या संगणकांना समजणारी पद्धत. कृतिदेव या तसल्याच एका जुन्या फॉन्टमध्ये ‘भारत’ हा शब्द यंत्राच्या लेखी एच, के, के, जे, आर एवढाच असतो: एच म्हणजे अर्धा भ, पहिला के त्याला पूर्ण करतो, दुसरा के काना देतो, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. फॉन्ट त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो, म्हणून माणसाला मराठी दिसते. शोधयंत्राला मात्र मराठीचा एक शब्दही दिसत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आणि तरीही कितीतरी संस्थांची आणि कचेऱ्यांची कागदपत्रे अजून याच अवस्थेत संकेतस्थळांवर पडून आहेत. त्यांना वाचक मिळत नाहीत यात वाचकांचा काय दोष?

लेखांचे रूपांतर करणे ही गोष्ट बाहेरच्यांना वाटते तशी बटण दाबून होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, कारण ती दिसते आधी; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे ‘स्थिती’सारख्या शब्दात पहिली वेलांटी उचलून संपूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवावी लागते. रफाराचे नेमके उलटे: तो जुन्या फॉन्टमध्ये शेवटी टंकतात आणि युनिकोडमध्ये त्याला अक्षराच्या आधी आणावे लागते, मध्ये काना-मात्रा असतील तर त्यांनाही ओलांडून. ‘पिकाच्या दुसऱ्या’ यातला ऱ्या तर दोन प्रकारे साठवला जातो, आणि दोन्ही दिसतात सारखेच. शिवाय छापखान्याने मधल्या काळात फॉन्ट बदलला होता आणि काही अंकांत मथळे एका फॉन्टमध्ये, तर मजकूर दुसऱ्यात होता. प्रत्येक फॉन्टसाठी मी वेगळा तक्ता बनवला. अडलेल्या जागा त्या छापखान्यात पूर्वीपासून जुळणी करणाऱ्या ताईंनी सोडवल्या. पडद्यावरचा रोमन चिवडा त्या सरळ मराठी म्हणून मोठ्याने वाचत असत, कारण कुठल्या कळीवर कुठले अक्षर आहे हे त्यांच्या बोटांत बसले होते. संगणकाची पदवी घेतलेल्या कोणाला मी अजून हे करताना पाहिलेले नाही.

पुढचे काम नेहमीचेच होते. प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान, त्याला शेतकरी ज्या शब्दांत शोधतो त्या शब्दांतले शीर्षक, पाने मोबाइलवर पटकन उघडतील इतकी हलकी, आणि साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, गूगलकडे सुपूर्द. कुठल्या शोधातून किती माणसे आली हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमधली रेघ काही आठवड्यांत वर चढू लागली. पाऊस सुरू झाल्यावर तर एकच पान बाकी सगळ्यांच्या पुढे गेले: २००६ सालच्या एका अंकातील, उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीवरचा लेख. याचेही कारण उघड आहे. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून बाभळी-कडुनिंबावर बसतात, मादी जमिनीत अंडी घालते, आणि पावसाळ्यात अळी मुळे कुरतडू लागली की ऊस पिवळा पडतो. तोवर शेतकऱ्याला काहीच दिसलेले नसते. मग तो मोबाइल काढतो. ‘उसाला हुमणी लागली काय करावे’, ‘हुमणी औषध’, त्यातच रोमन लिपीत टंकलेली हुमणी, अशा शोधांनी यादी भरून गेली. संपादक रोज सकाळी मला आकडा विचारत आणि खूश होत.

त्याच सुमारास त्यांना एका ऊस उत्पादकाचा फोन आला. संपादकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला तो ऐकता आला. ‘साहेब, तुम्ही फोरेट टाकायला लिहिलंय, आणि दुकानदार म्हणतो ते बंद झालंय. दुसरीकडून आणू का?’

फोरेट हे लाल त्रिकोणाचे, अतिविषारी दाणेदार कीटकनाशक. २००६ साली हुमणीसाठी त्याची शिफारस सर्रास होत असे. लेखकाने त्या काळाला धरून बरोबरच लिहिले होते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर पूर्णपणे बंद झाला. छापील अंकावर महिना आणि वर्ष असते, कागद पिवळा पडलेला असतो, त्यामुळे जुना सल्ला जुना दिसतो. आम्ही केलेल्या स्वच्छ पानावर तोच सल्ला काल लिहिल्यासारखा दिसत होता. संपादकांनी त्या गृहस्थांना फोरेट कुठूनही आणू नका असे बजावून सांगितले आणि मेटारायझियम या हुमणीला मारणाऱ्या बुरशीच्या वापरासाठी कृषी विज्ञान केंद्राकडे जायला सांगितले.

त्या दुपारी आमचा बराच वाद झाला. संपादकांचे, म्हणजे आमच्या सरांचे, म्हणणे असे की छापून गेलेला लेख हा दस्तऐवज आहे, त्यातला शब्द बदलायचा नाही. त्यापेक्षा पानच काढून टाका. शब्द बदलू नये हे मलाही मान्य होते. पण पान काढले तर तोच शोध घेणारा माणूस दुसरीकडे जाईल, जिथे तोच सल्ला उतरवून घेतलेला असेल आणि सावध करणारे कोणीही नसेल. अखेर पानाच्या वर ठळक सूचना टाकायचे ठरले. ती टाकल्यावर मी स्वतः मोबाइलवर शोधून पाहिले, तर निकालाखालच्या दोन ओळींत गूगलने नेमके फोरेटचे हेक्टरी प्रमाण उचलून दाखवलेले. पान न उघडताच सल्ला हातात! त्यावर उपाय आहे: २०१९ पासून गूगल डेटा-नोस्निपेट नावाची खूण मानते, आणि तिच्यात गुंडाळलेला मजकूर निकालात दाखवला जात नाही. प्रमाणाचा परिच्छेद मी तसा गुंडाळला आणि शीर्षकातच ‘२००६ मधील लेख; यातील औषधावर आता बंदी’ असे घालून पान पुन्हा तपासायची विनंती गूगलकडे पाठवली. जुना मजकूर निकालातून जाईपर्यंतचा मधला काळ मला चांगलाच जड गेला.

नव्या शीर्षकामुळे क्लिक कमी झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. मासिकाच्या एका जाहिरातदाराला मात्र ही घट रुचली नाही. त्याला फक्त आकडा हवा होता. सरांनी त्याला दाद दिली नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा करायला हवे.

आता बाकीच्या संग्रहाचा प्रश्न आहे. मजकूर युनिकोडमध्ये आल्यामुळे फोरेटसारखी बंदी आलेली औषधे त्यात निदान शोधता तरी येतात, पण तेही सोपे नाही: ॲलाक्लोर कुठे आलाक्लोर आहे, कुठे डायक्लोरव्हॉसचे डायक्लोरोव्हॉस झाले आहे, आणि ‘ॲ’ हे अक्षरच काही ठिकाणी एका चिन्हात, तर काही ठिकाणी अ आणि वरच्या चंद्राची जोडणी करून साठवलेले आहे, त्यामुळे एक शोधले की दुसरे निसटते. व्यापारी नावांनी दिलेली औषधे तर बंदीच्या कुठल्याच यादीत सापडत नाहीत. म्हणून निवृत्त कृषी अधिकारी असलेले सरांचे एक मित्र फवारणीचे लेख एकेक करून वाचत आहेत आणि त्यांचे वाचून होईपर्यंत ते लेख शोधयंत्रांपासून दूर ठेवले आहेत. सरांच्या मते हाच नियम हुमणीच्या पानालाही लावायला हवा. मला ते अजून पटत नाही, आणि तूर्त ते पान उघडे आहे. फोरेटचे नाव घालून केलेले शोध अजूनही यादीत दिसतात. त्यातून पानावर आलेला माणूस किती वेळ थांबला हे मला कळते, सूचना वाचून गेला की नुसताच खाली सरकला हे कळत नाही.